तीन-तीन मिनिटांची वही आणि सरपंचांचं धोतर

सुटी मिळाली की माणसं समुद्राकडे जातात, डोंगराकडे जातात, निदान सासुरवाडीला तरी जातात. मी जालन्याला कचरा जाळण्याची भट्टी पाहायला गेलो. "त्यात पाहण्यासारखं काय आहे?" सौभाग्यवतींनी विचारलं. मी म्हटलं, "ती फिरते." त्या म्हणाल्या, "फिरते तर पृथ्वीसुद्धा. तिच्यासाठी कधी सुटी घेतली नाहीत."

निमंत्रण विजयाचं होतं. विजया माझ्या जुन्या सहकाऱ्याची, साळवे सरांची मुलगी. सर पाली शिकवायचे, मी संस्कृत. एकाच कॉलेजात, एकाच कपाटाच्या दोन खणांत आमची पुस्तकं असायची आणि बावीस वर्षं आम्ही चहाच्या कपावर भांडलो. मुलगी मात्र दोन्ही खण सोडून केमिकल इंजिनिअर झाली. "काका," ती फोनवर म्हणाली, "मोठी भट्टी पेटवून राह्यलेय. या तुम्ही. लहानीच्या वेळी तुम्ही होतात, तुमचा पायगुण चांगला."

वाचकहो, या पायगुणाबद्दल खाली बरंच येणार आहे. तूर्तास एवढंच सांगतो की या लेखातल्या वेळा तुम्हाला विचित्र वाटतील. पूर्वी मी "साधारण सहा तास लागतात" असं ऐसपैस लिहायचो. ती सवय या प्रवासात सुटली. का सुटली, तेही सांगेन.

पुण्याहून बस सकाळी सहा वाजून तेरा मिनिटांनी सुटली. तिकिटावर सहा लिहिलं होतं. नगरला चहा, संभाजीनगरच्या अलीकडे एका ढाब्यावर पोहे. पोह्यांवर शेव इतकी होती की पोहे शोधावे लागले. जालन्यात उतरलो तेव्हा दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. जाणार असाल तर थंडी संपता संपता जा. तेव्हा मोसंबी भरात असते आणि ऊन अजून माणसासारखं वागत असतं. स्टँडबाहेर मोसंबीच्या रसाच्या गाड्या आहेत. बर्फ नको म्हणून आधी सांगा. नंतर सांगितलं तर गाडीवाला असा बघतो, जणू तुम्ही त्याच्या कुळाबद्दल शंका घेतली.

जालन्यात दोन गोष्टी घाऊक बनतात, लोखंडी सळ्या आणि बियाणं. सळी गंजली तर वितळवून परत सळी करता येते. बियाण्याचं तसं नाही. त्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळतात आणि कोणी चुकून खाऊ नये म्हणून गुलाबी रंग देतात. मुदत गेली की ते पेरायचं नाही, खायचं नाही, जनावरांना घालायचं नाही, मातीत पुरायचं नाही. इतके निषेध मी एका धर्मशास्त्रातच एकत्र पाहिले होते. उरतो अग्नी, आणि तोही साधा नव्हे. उघड्यावर जाळलं तर विष धुरात जातं. म्हणून ही भट्टी. विटांचं अस्तर लावलेलं एक लांब, किंचित कललेलं लोखंडी नळकांडं मंद गतीने फिरत असतं. वरच्या तोंडातून कचरा आत जातो, खालच्या तोंडातून राख पडते. धूर पुढच्या आणखी तापलेल्या खोलीत पुन्हा जळतो, मग धुतला जातो आणि सभ्य होऊनच चिमणीतून बाहेर पडतो.

आठ महिन्यांपूर्वी विजयाने याच भट्टीचा छोटा नमुना जालन्यातल्या एका शेडमध्ये चालवला होता. तो माझ्याएवढा उंच. आडवा ठेवला तर माझ्याएवढा लांब. नवी भट्टी राजूर रस्त्यावरच्या एका गावाच्या माळावर आहे. शहरापासून रिक्षाने एकेचाळीस मिनिटं, त्यातली नऊ शेळ्यांची.

समोर भट्टी होती. एस.टी.ची अख्खी बस आडवी घालून कोणीतरी तिला सावकाश गरगर फिरवतंय, असं ते दृश्य होतं.

"लहानी होती तिला दहाने गुणलं, झालं," मी जाणकारपणे म्हणालो.

"काका, दोन माणसांचा भात तुम्ही करता ना घरी?"

"करतो."

"मग उद्या लग्नातला दोनशे माणसांचा करा. सगळं शंभरने गुणा. वेळसुद्धा." ती पुढे म्हणाली, "आच, हवा, वेग, प्रत्येक गोष्ट वेगळ्या हिशोबाने वाढते. त्याचाच तर चार वर्षं अभ्यास केला. लहानीवरचा प्रत्येक आकडा मोठीवर कसा न्यायचा ते ठरवलं. एक आकडा तेवढा जसाच्या तसा घेतला. दर तीन मिनिटांनी भरण."

मी मान डोलावली. तो आकडा लहानीच्या वेळी मी लिहिलेल्या वहीतला होता.

कुंपणापाशी सरपंच दत्तराव तारेवर काहीतरी वाळत घालत होते. जवळ जाऊन पाहिलं तर धोतर. पांढरंशुभ्र, इस्त्रीचं.

"जय भीम, ताई," ते विजयाला म्हणाले. "हे आमचं यंत्र."

"दत्तराव, धूर मोजायला मी चार यंत्रं बसवलीयत."

"बसवा की. बिलकुल बसवा. पण तुमचं यंत्र तुमच्या बोलीत बोलतं. धोतर आमच्या बोलीत. उद्या न्हाई धरत, उद्या तुमची भट्टी शिकून राह्यली असं समजू. पण परवा दिस मावळता धोतर कोरं पाहिजे. काळा ठिपका दिसला, तर तेरवाच्या ग्रामसभेत गाव 'न्हाई' म्हणणार आणि मीबी हात वर करणार."

मला तो माणूस आवडला. पण त्यांच्या हट्टामागचं कारण साधं होतं. मागच्या साली कोणीतरी गुलाबी बियाण्याची पोती नाल्यात ओतून गेलं होतं आणि दत्तरावांच्या सात शेळ्या त्यात गेल्या. गावाला भट्टी हवीही होती आणि तिची भीतीही होती. प्रदूषण मंडळाचे अधिकारी पुढच्या महिन्यात येणार होते, पण गाव "न्हाई" म्हणालं तर त्यांना दाखवायला विझलेली भट्टीच उरली असती. विजयाने सुटीवर, झोपेवर आणि बहुधा एका चांगल्या स्थळावरही पाणी सोडून चार वर्षं या माळावर घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी सुरू झाली. पोतं सरकत्या पट्ट्यावरून यायचं, लोखंडी दांडा त्याला आत ढकलायचा, दार बंद. बरोबर तीन मिनिटांनी पुढचं. मला फार प्रसन्न वाटलं. यज्ञात आहुती मंत्राच्या ठेक्यावर पडते, अग्नीला विचारून नव्हे. इथेही तसंच चाललं होतं. चौथ्या पोत्यापर्यंत.

चौथं आत गेलं आणि भट्टीला ठसका लागला. फिरतं नळकांडं जिथे स्थिर भिंतीला टेकतं, त्या फटीतून भस्सकन काळा भपका आला. चिमणी बिचारी स्वच्छ होती. धूर शिवणीतून फुटला होता. सातव्याला पुन्हा. नवव्याला पुन्हा. विजयाने हवा वाढवली, वेग कमी केला, मग उलट करून पाहिलं. दुपारी तिने भरण थांबवलं. दत्तरावांनी धोतर उतरवलं आणि चष्मा लावून ठिपके मोजले. सोळापर्यंत मोजून ते म्हणाले, "आज धरायचं न्हाई म्हणलो ते बरं झालं." यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि कच्चा कांदा होता. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाल्याचं पीठ; मराठवाड्यात आलात आणि ते न खाता गेलात तर आलातच नाहीत. विजयाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. तिच्या टेबलावर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, माझी वही उघडी होती.

कारण असं की, लहान भट्टीच्या वेळी नोंदी ठेवणारा माणूस तापाने पडला होता. मी जालन्यात एका व्याख्यानासाठी आलेलो. "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे" म्हणत विजयाने चार दिवस मला घड्याळ आणि वही देऊन बसवलं. ती स्वतः आकडे आणि नळ्या सांभाळत पलीकडे असायची. भट्टीच्या तोंडाशी कौसाबाई होत्या, पत्र्याच्या सुपलीतून बियाण्याच्या पुड्या आत टाकायला.

"लहानीला चार दिवसांत एकदाही भपका आला न्हाई," विजया म्हणाली. चिडली की ती गावाच्या बोलीवर येते. "तीच आच, तेच बियाणं, दर तीन मिनिटांनी भरण. बघा ना, नऊ-तीन, नऊ-सहा, नऊ-नऊ. इतकी स्वच्छ नोंद मी आयुष्यात पाह्यली न्हाई."

मला आमटी तिखट लागायला लागली.

"विजे," मी म्हणालो, "ती शुद्ध प्रत आहे."

"म्हणजे?"

"आधी चिठ्ठ्यांवर लिहायचो. संध्याकाळी वहीत उतरवायचो. उतरवताना जरा नीटनेटकं केलं. सरासरी तीनच येत होती गं."

"एकदा तरी चार मिनिटं लागली होती?"

"लागली होती. एकदा अकरा लागली."

"अकरा?"

"कौसाबाई थांबायच्या. भोकातून आत बघत बसायच्या, मध्येच नातीबद्दल काहीतरी सांगायच्या. मला वाटलं, बाई कामचुकार आहेत. गरीब बाई, उगाच त्यांचं नाव खराब होईल म्हणून मी…"

तिने टेबलावरची वही मिटली. मग फार हळू म्हणाली, "काका, मी तुम्हाला नोंद ठेवायला सांगितली होती. तुम्ही चारित्र्याचा दाखला दिलात."

"चिठ्ठ्या?" तिनेच पुढे विचारलं.

"फेकल्या," मी म्हणालो.

"बाबा म्हणायचे," ती उठत म्हणाली, "संस्कृतवाल्यांना वस्तूच्या आधी तिचा साचा दिसतो. मी त्यांना म्हणायचे, बाबा, तुम्ही पूर्वग्रहदूषित आहात." आणि मग तिला हसू फुटलं. पण तसं हसू ज्याच्यावर फुटतं त्याला ते सुखाचं नसतं.

तिसरा दिवस. राजूर. माळापासून जीपने बावीस मिनिटं. गणपती प्रसिद्ध आहे आणि त्या दिवशी संकष्टी होती, तेव्हा गाडी गावाबाहेरच लावा आणि चपलांचा मोह सोडा. कौसाबाई भट्टीचं काम संपल्यापासून तिथे हार-दुर्वांचं दुकान मांडून बसतात. दुकानापुढे गर्दी होती. आम्हाला पाहून त्यांनी मान वर केली, हात थांबला नाही.

"आज न्हाई जमत," विजयाने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "चतुर्थी हाय. दिसत न्हाई का?"

"मावशी, भट्टी भपके टाकून राह्यली."

"कोन भरून राह्यलं?"

"मशीन."

"तिला आतलं दिसतं?"

"न्हाई."

"मंग?" एवढंच म्हणून त्यांनी एका गिऱ्हाईकाला नारळ दिला. "अवं, समदं बियाणं सारखं असतंय का? बाजरी भुर्रकन जाती. सरकीत तेल. ती आधी पेटती, मंग आतल्या आत धुमसती. तिचा जाळ बसल्याशिवाय दुसरी पुडी टाकली तर ठसका लागनारच. म्हनून तर थांबायची मी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी समोरच बसल्ते की. मी थांबल्याली लिवलं न्हाई?"

"नाही."

"चार दिवस काय लिवलं मंग?"

गणपतीच्या दारात खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. विजया माझ्या मदतीला आली, म्हणजे तिने सगळं सांगून टाकलं. कामचुकार या शब्दासकट. कौसाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी दुर्वांचा ढीग माझ्यापुढे सरकवला. "गर्दी सरूस्तोर जुड्या बांधा. मंग येते."

मी बांधायला बसलो. एका जुडीत एकवीस. मी मोजून बांधायचो. त्या बोलता बोलता चिमटीत धरून बांधायच्या. माझ्या पाच झाल्या तेव्हा त्यांच्या तीस. कुतूहलाने त्यांच्या तीन जुड्या मोजल्या. एकवीस, एकवीस, बावीस. "मोजत बसू नका," त्या म्हणाल्या, "मानसं खोळंबलीत."

दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी दुकान शेजारणीवर सोपवून त्या निघाल्या. जीपमध्ये विजयाने मला नवी कोरी वही दिली. "काका, जे घडेल ते. सेकंदासकट. सुंदर नको."

कुंपणावर दुसरं धोतर चढलं होतं. कौसाबाईंनी आधी भट्टीला एक चक्कर मारली. "केवढी झालीय गं ही!" असं लेकुरवाळ्या भाचीला म्हणावं तसं म्हणाल्या आणि काचेच्या झरोक्याशी स्टूल घेऊन बसल्या. विजया त्यांच्या शेजारी, आतली शिल्लक हवा दाखवणाऱ्या काट्यासमोर. पोतं आत गेलं की काटा खाली पडायचा, आगीने हवा खाल्ली की आणखी खाली, मग हळूहळू वर यायला लागायचा.

"थांबा," कौसाबाई म्हणायच्या. "थांबा. नातीला दुसरा दात आला. थांबा. आता."

मी लिहीत होतो. बाजरी, दोन मिनिटं चार सेकंद. बाजरी, एक मिनिट एकोणपन्नास. सरकी, आठ मिनिटं तेवीस. मका, चार मिनिटं दोन. ते पान इतकं वाकडंतिकडं दिसत होतं की माझ्या विद्यार्थ्याने आणलं असतं तर मी फेकून दिलं असतं. पण भपका एकही आला नाही.

तिसाव्या पोत्यानंतर विजया ताडकन उठली. "काका, वेळ सोडा. काटा बघा. मावशी 'आता' म्हणतात तेव्हा काटा कुठं असतो? प्रत्येक वेळी इथंच." तिने काचेवर पेनाने रेघ मारली. "घड्याळ न्हाई पाहिजे. काटा या रेघेवर आल्याशिवाय दांड्याने हलायचंच न्हाई."

ते जुळवायला पाऊण तास लागला. क्षमा करा, एकावन्न मिनिटं. मग यंत्र एकटं भरू लागलं आणि कौसाबाई झरोक्यातून त्याची परीक्षा घेऊ लागल्या. दांडा हलायचा आणि त्याच क्षणी त्या म्हणायच्या, "आता." पुन्हा दांडा, पुन्हा "आता." पाचव्या खेपेला दांडा आधी हलला.

"घाई केली मेल्यानं," कौसाबाई म्हणाल्या, आणि फटीतून एक छोटासा, लाजरा भपका बाहेर आला.

विजयाने रेघ केसभर वर सरकवली. मग संध्याकाळपर्यंत एकदाही नाही. पण तो एक होऊन गेला होता, आणि वारा कुंपणाच्या दिशेने होता.

दिवस मावळताना दत्तराव आले. मागे वीस-पंचवीस माणसं. त्यांनी धोतर उतरवलं, दोघांना टोकं धरायला लावली, चष्मा चढवला. पदरापासून पदरापर्यंत सरकले. खालच्या काठाशी थांबले.

"हा काय?"

ठिपका होता. मोहरीएवढा. काळा.

माझ्या डोक्यात एका क्षणात सहा खुलासे तयार झाले. तंबाखू, पक्षी, धोबी. सगळे व्याकरणशुद्ध. विजया पुढे झाली. ती म्हणाली, "आमचाच आहे."

"तुमचा?"

"हो. काका, वही दाखवा."

मी पान उघडून दिलं. दत्तरावांनी ते मोठ्याने, अडखळत वाचलं. माझं अक्षर त्या दिवशी खरंच वाईट होतं. "दोन वाजून सतरा मिनिटं, चाळीस सेकंद. यंत्राची घाई. भपका, लहान. कुंपणाकडे गेला." त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, परत ठिपक्याकडे. "हे कधी लिवलं?"

"तेव्हाच," मी म्हणालो.

"आमी बघायच्या आधी?"

"आधी."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "ठिपका तो ठिपकाच, दत्तराव. कोरं पाहिजे म्हणल्ते तुमी."

"म्हणल्तो," दत्तराव म्हणाले. त्यांनी धोतराची घडी घातली, ठिपका वर राहील अशी. "पर नाल्यात पोती ओतून गेला त्यानं कोण्या वहीत लिवलं का, दोन वाजून सतरा मिनिटं, तुमच्या शेळ्या मारून राह्यलो म्हणून?" त्यांनी घडी काखेत मारली. "उद्या सभेत सांगतो. अन् ऐका ताई, दर अमावस्येला धोतर लागणार. धुलाई तुमच्याकडं."

ग्रामसभा सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी संपली. नऊ जण विरोधात होते, बाकीच्यांचे हात वर. दत्तरावांचाही वर होता, होकाराचा. कौसाबाई सभेला थांबल्या नाहीत. संकष्टीचा उरलेला माल सुकतो म्हणून पहाटेच राजूरला गेल्या होत्या. विजयाने त्यांना झरोक्याची नोकरी देऊ केली. त्या म्हणाल्या, "तुझं मशीन शिकलं की. मी काय तिथं नुसतं बसू?" महिन्यातून एकदा, धोतराच्या दिवशी, यंत्राची परीक्षा घ्यायला येईन म्हणाल्या. चतुर्थी सोडून.

परतीची बस आठ तास सव्वीस मिनिटं. सोबत मोसंबीची पिशवी होती, ती नगरपर्यंत पुरली नाही.

घरी येऊन तीन आठवडे झाले. भट्टी चालू आहे, पहिल्या अमावस्येचं धोतर कोरं निघालं. परवा विजयाकडून पाकीट आलं. आत माझी जुनी वही, तीन-तीन मिनिटांची. वर चिठ्ठी: "अक्षर खरंच सुंदर आहे. प्रयोगाच्या कामाची नाही. घरी ठेवा."

मी ती पुन्हा वाचली. चार दिवसांच्या नोंदी, शेकडो ओळी, "भरण टाकण्यात आले, भरण टाकण्यात आले." कोणी टाकलं, कोण थांबलं, सरकीला किती वेळ दिला, काही नाही. त्या चार दिवसांतल्या खऱ्या वेळा आता कोणालाच कळणार नाहीत. पहिल्या पानावर वर थोडी जागा होती. तिथे लिहिलं, "भट्टीच्या तोंडाशी: कौसाबाई." आणि हे त्यांना कळायला हवं म्हणून राजूरला फोन लावला.

"कौसाबाई, त्या जुन्या वहीत तुमचं नाव घातलं आज."

"आं? बरं केलं," त्या म्हणाल्या. मागे घंटा वाजत होत्या. "ठेवा आता, हाराचं गिऱ्हाईक हाय."

अठरा सेकंद. लिहून ठेवलंय.